पाकिटातल्या प्रीमिक्सचा वाढदिवसाचा केक: निवड, सुधारणा आणि कामाचा क्रम

केकच्या तयार कोरड्या मिश्रणाचे, म्हणजे प्रीमिक्सचे, पाकीट फोडायचे आणि त्यात तेल-पाणी घालायचे, एवढ्यावर काम भागत असतानाही ऐन वाढदिवसाच्या दिवशी केक मध्ये खचतो, रबरासारखा चिवट होतो किंवा क्रीम लावताना त्याचा भुगा होतो. यात दोष बहुतेक वेळा पाकिटाचा नसतो. चूक एक तर मिश्रण कालवण्याच्या आधीच झालेली असते, म्हणजे चुकीचे पाकीट, चुकीचा कप किंवा चुकीच्या मापाचा डबा निवडला जातो. नाही तर ‘जरा चांगला करू’ म्हणून एकाच वेळी चार बदल केले जातात. प्रीमिक्समध्ये साखर आणि केक फुगवणारी द्रव्ये मोजून घातलेली असतात, त्यांना हात लावता येत नाही. आपल्या हातात उरतात ते द्रव, स्निग्ध पदार्थ आणि स्वाद. सुधारणा करायची ती या तिघांतच, हे धरून पुढचे टप्पे लिहिले आहेत.

टप्पा १: केक किती लागणार, ते आधी ठरवावे

मुलाला साधारण ६० ग्रॅमचा आणि मोठ्या माणसाला ८० ग्रॅमचा तुकडा पुरतो. दहा मुले आणि सहा मोठी माणसे असतील, तर क्रीमसकट एक किलोच्या थोडा वर केक लागेल. ५०० ग्रॅम प्रीमिक्समध्ये द्रव आणि तेल मिळून सुमारे ८४० ग्रॅम मिश्रण होते, भाजताना त्यातले थोडे पाणी उडून जाते आणि क्रीम लावल्यावर वजन पुन्हा एक ते सव्वा किलोपर्यंत पोचते. म्हणजे एवढ्या मंडळींना ५०० ग्रॅम प्रीमिक्स पुरेसे आहे.

येथे माझे मत असे की, ५०० ग्रॅमचे एक पाकीट घेण्यापेक्षा २५० ग्रॅमची दोन घ्यावीत. घरगुती ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) सहा इंचांचे दोन डबे शेजारीशेजारी नीट बसत नाहीत आणि कालवून ठेवलेले मिश्रण पहिला केक होईपर्यंत ओट्यावर थांबले, तर त्यातला वायू निघून जातो. दोन पाकिटे असली की पहिला केक बाहेर आल्यावर दुसरे पाकीट फोडता येते आणि दोन थर आपोआप तयार होतात. एकच उंच केक आडवा कापण्याची कसरत वाचते.

टप्पा २: पाकीट वाचून निवडावे

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर केकचा फोटो असतो. आपल्याला हवी ती माहिती मागच्या बाजूला असते.

सर्वांत जास्त घोळ हिरव्या ठिपक्याचा होतो. चौकटीतला हिरवा ठिपका एवढेच सांगतो की पाकिटातील पदार्थ शाकाहारी आहे. घरी त्यात अंडी घालावी लागणार नाहीत, असे तो सांगत नाही. ज्या प्रीमिक्समध्ये अंड्याची पावडर नाही, पण कृतीत ‘दोन अंडी घाला’ असे लिहिले आहे, त्या पाकिटावरही हिरवा ठिपका असू शकतो. संकष्टीच्या आदल्या रात्री, पाहुण्यांतले निम्मे लोक अंडे न खाणारे असताना, हे आमच्या घरी लक्षात आले होते. पाकिटावर ‘एगलेस’ हा शब्द आहे का ते पाहावे आणि तरीही कृतीतले साहित्य शेवटपर्यंत वाचावे. अंड्याचेच प्रीमिक्स हाती उरले असेल, तर एका अंड्याऐवजी सुमारे ६० ग्रॅम घोटलेले ताजे दही चालते. केक थोडा जड होतो, पण जमतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. साखर पहिल्या क्रमांकावर असेल, तर केक गोडच होणार. तेव्हा आतल्या थरांना साखरेचा पाक लावण्याचा बेत तेथेच सोडून द्यावा. यादीत आयएनएस ५०० किंवा आयएनएस ४५० असे आकडे दिसतील; हे खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांचे क्रमांक. आयएनएस ५०० म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या गटातली द्रव्ये आणि आयएनएस ४५० म्हणजे त्या सोड्याबरोबर काम करणारी आम्लयुक्त द्रव्ये. ती यादीत आहेत, म्हणजे फुगवण्याची सोय पाकिटातच झालेली आहे.

‘बेस्ट बिफोर’ची तारीख जवळ आलेले पाकीट स्वस्त मिळाले, तरी घेऊ नये. फुगवणारी द्रव्ये ओल लागून हळूहळू दुबळी होतात आणि कोकणासारख्या दमट हवेत उघडे पडलेले प्रीमिक्स तर फार लवकर. बेकिंगच्या दुकानात सुटे बांधून दिलेले, कृती किंवा तारीख नसलेले प्रीमिक्सही वाढदिवसासाठी टाळावे.

तपासणी: मुलाच्या मित्रमंडळींच्या पालकांना शेंगदाणे, सुकामेवा, दूध किंवा गहू यांपैकी कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे खरेदीच्या आधी विचारावे. पाकिटावरचा अ‍ॅलर्जीचा इशारा वाचण्याचा उपयोग त्यानंतरच होतो.

टप्पा ३: मापे आणि भांडी

कृतीतला ‘एक कप’ म्हणजे २४० मिलिलिटर. आपला चहाचा कप बहुधा १२० ते १५० मिलिलिटरचा असतो, स्टीलचा पेला प्रत्येक घरी वेगळा असतो. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला मी पाणी पेल्याने मोजले आणि ‘अंदाजाने थोडे कमी’ घेतल्याच्या समाधानात केक भाजायला लावला. केक झाला का ते पाहण्याची काडी कोरडी बाहेर आली, कारण ती मी कडेला खुपसली होती. सुरी फिरवल्यावर मध्यभागातून खिरीसारखे पीठ ताटात उतरले. तेव्हापासून मी द्रव काट्यावर मोजते. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम आणि दुधाचे वजनही जवळपास तेवढेच. तेल मात्र हलके असते: ६० मिलिलिटर तेलाचे वजन साधारण ५५ ग्रॅम भरते. चमच्यांचेही तसेच आहे. टेबलस्पून १५ मिलिलिटरचा आणि टीस्पून ५ मिलिलिटरचा असतो; पोह्याचा चमचा या दोन्हींत बसत नाही.

२५० ग्रॅम प्रीमिक्ससाठी सहा इंच व्यासाचा, किमान दोन इंच उंचीचा गोल डबा घ्यावा. ५०० ग्रॅम एकत्रच भाजायचे असेल, तर सात इंचांचा आणि तीन इंच उंचीचा डबा लागतो. मिश्रण डब्याच्या निम्म्यापर्यंत यावे. दोन-तृतीयांशाच्या वर गेले की ते उतू जाते आणि मधोमध कच्चेही राहते. डब्याला आतून तेल लावून तळाशी बटर पेपर घालावा. नॉनस्टिक डबा असला तरीही तळाचा कागद वगळू नये.

टप्पा ४: आठवडाभर आधी एक केक करून पाहावा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. त्याच ब्रँडचे, त्याच स्वादाचे एक छोटे पाकीट आणून ते काहीही न बदलता, फक्त पाकिटावरच्या कृतीने करावे. एवढ्यावरून तीन गोष्टी कळतात: आपला ओटीजी सांगितलेल्या वेळेपेक्षा जलद भाजतो की सावकाश, केक किती गोड होतो आणि तो कोरडा वाटतो का. काय सुधारायचे ते यावरून ठरवावे. हा केक वाया जात नाही. शाळेच्या डब्यात संपतो.

टप्पा ५: कोणती सुधारणा करावी आणि कोणती मुळीच करू नये

पुढची सर्व मापे २५० ग्रॅम प्रीमिक्ससाठी आहेत. यांतल्या दोन, फार तर तीन गोष्टी निवडाव्यात.

पाण्याऐवजी दूध वापरणे ही सर्वांत सुरक्षित सुधारणा. दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने यांमुळे केकचा गर मऊ होतो आणि रंगही चांगला येतो. दुधात पाण्याचा अंश सुमारे ८७ टक्केच असल्यामुळे ते एक टेबलस्पून जास्त घ्यावे. त्यातच दोन टेबलस्पून दुधाची पावडर मिसळली, तर चवीला मावा केकची किंचित आठवण येते. मात्र वरचा भाग लवकर लाल होतो, म्हणून शेवटची दहा मिनिटे लक्ष ठेवावे लागते.

एगलेस केक कोरडा, भुसभुशीत वाटत असेल, तर एकूण द्रवातील ३० ग्रॅम कमी करून त्याजागी ३० ग्रॅम ताजे, गोडसर दही घालावे. दह्याचे आम्ल सोड्याशी लगेच क्रिया करू लागते, त्यामुळे मिश्रण कालवल्यावर फोन घ्यायलाही थांबू नये.

लोण्याबद्दल गैरसमज फार आहे. ‘तेलाऐवजी बटर घातले की केक भारी होतो’ हे चवीपुरते खरे आहे. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकीचे मुख्यतः पाणी, आणि ते फ्रिजमध्ये घट्ट होते. क्रीमचा केक फ्रिजमध्ये ठेवावाच लागतो, म्हणून पूर्ण बटरचा केक कापताना टणक लागतो. तेल फ्रिजमध्येही पातळ राहते. मी ६० मिलिलिटर तेलाच्या जागी ३० मिलिलिटर तेल आणि ३५ ग्रॅम वितळवून गार केलेले बटर घेते. नेहमीचे खारे बटर असेल, तर वेगळे मीठ घालू नये. नसेल तर चिमूटभर मीठ जरूर घालावे, कारण त्याने प्रीमिक्सचा एकसुरी गोडवा मोडतो.

चॉकलेट प्रीमिक्समध्ये द्रवाचा काही भाग गरम करून त्यात अर्धा टीस्पून इन्स्टंट कॉफी विरघळवावी आणि कोमट झाल्यावर वापरावी. कॉफीची चव कळत नाही, कोको मात्र ठळक होतो. व्हॅनिला प्रीमिक्समध्ये इसेन्स आधीच असतो. वर आणखी चमचाभर ओतला की केकला औषधासारखा वास येतो. त्यापेक्षा संत्र्याची किंवा लिंबाची साल बारीक किसून अर्धा टीस्पून घालावी, फक्त सालीखालचा पांढरा कडू भाग किसला जाऊ देऊ नये.

टुटीफ्रुटी किंवा चॉकलेटचे बारीक दाणे घालायचे असतील, तर कोरड्या प्रीमिक्समधला एक चमचा बाजूला काढून त्यात ते घोळवावेत. वजनदार तुकडे तरीही तळाशी जातात, म्हणून ते लहानच घ्यावेत.

सावधान: जास्त फुगावा म्हणून सोडा, बेकिंग पावडर किंवा इनोची पुडी घालू नये. केक ओव्हनमध्ये झपाट्याने वर येतो, त्याचा सांगाडा पक्का होण्याआधीच वायू निघून जातो आणि मधे खड्डा पडतो. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चवही येते. कंडेन्स्ड मिल्कही घालू नये, कारण आधीच भरपूर असलेल्या साखरेत आणखी साखर पडून केक चिकट होतो आणि खचतो.

टप्पा ६: कालवणे

हे काम वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी करावे. ताज्या, गरम केकवर क्रीम टिकत नाही आणि तो कापतानाही तुटतो; रात्रभर गुंडाळून ठेवलेला केक जास्त समजूतदारपणे वागतो.

क्रम असा ठेवावा. डब्याला तेल-कागद लावून तयार. ओव्हन १७० ते १७५ अंश सेल्सियसवर तापायला लावलेला. दूध, दही, बटर सारे घरातल्या तापमानाला आलेले. एवढे झाल्यावरच प्रीमिक्स चाळावे. चाळण्याचा कंटाळा केला तर पाकिटात बसलेल्या गुठळ्या मिश्रणात तशाच राहतात आणि त्या मोडण्यासाठी मग आपण जास्त फेटतो.

द्रव आणि स्निग्ध पदार्थ वेगळ्या भांड्यात एकत्र करून ते प्रीमिक्समध्ये दोन भागांत घालावेत आणि साध्या व्हिस्कने (तारांच्या फेटणीने) कालवावे. एगलेस मिश्रण एका मिनिटात एकजीव होते. त्यापुढे फेटत राहिल्यास मैद्यातले ग्लुटेन हे चिकट प्रथिन ताणले जाऊन केक चिवट होतो. अंड्याच्या प्रीमिक्सवर ठरावीक मिनिटे बीटर चालवायला सांगितले असेल, तर ते मात्र पाळावे, कारण तेथे अंड्यात हवा भरायची असते.

तपासणी: मिश्रण उलथण्यावरून सलग पट्टीसारखे पडावे आणि भांड्यात त्याची रेघ दोन-तीन क्षण दिसून विरावी. इडलीच्या पिठासारखे गोळ्याने पडत असेल तर एक टेबलस्पून दूध घालावे. पाण्यासारखे सांडत असेल तर मोजण्यात चूक झाली आहे. मैदा टाकून ती सुधारत नाही.

मुले भांडे चाटायला मागतात, देऊ नये. कच्च्या मैद्यात आणि कच्च्या अंड्यात जंतू असू शकतात.

टप्पा ७: भाजणे

ओटीजीत जाळी अशा खाचेत बसवावी की केक मधोमध येईल. वरची आणि खालची अशा दोन्ही कांड्या चालू ठेवाव्यात. वरचा भाग आधीच लाल होऊ लागला, तर पंचविसाव्या मिनिटानंतर त्यावर फॉइलचा कागद सैल ठेवावा. सहा इंचांचा केक ३० ते ३५ मिनिटांत, तर ५०० ग्रॅमचा सात इंची केक ४५ ते ५० मिनिटांत होतो, पण आपल्या ओव्हनची खरी वेळ चौथ्या टप्प्यात कळलेली असते. केकला घुमटासारखा फुगवटा येऊन तडा जात असेल, तर उष्णता जास्त आहे. पुढचा केक १६० अंशांवर थोडा जास्त वेळ भाजावा. मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजण्याच्या) मोडवरच वापरावा आणि धातूचा डबा साध्या मायक्रोवेव्ह मोडवर कधीही ठेवू नये.

पहिली पंचवीस मिनिटे दार उघडू नये. मध्येच वीज गेली तरीही दार बंदच ठेवावे. पाच-सात मिनिटांत वीज परत आली, तर केक बहुधा निभावतो आणि तेवढीच मिनिटे शेवटी वाढवावी लागतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई घ्यावी. तळाशी मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण, अशी ती मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावी आणि डबा ठेवल्यावर आच मंद करावी. डबा आणि कढईची कड यांत सगळीकडून बोटभर तरी जागा हवी. साधारण ३५ ते ४५ मिनिटे लागतात. झाकण तिसाव्या मिनिटाआधी काढू नये. कुकरच वापरायचा झाल्यास रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून, पाणी न घालता वापरावा. पण रोजच्या वापरातला कुकर असा कोरडा तापवून खराब करण्यापेक्षा कढई बरी.

तपासणी: काडी केकच्या बरोबर मध्यभागी, तळापर्यंत खुपसावी. ती कोरडी किंवा एखाददुसरा ओलसर कण घेऊन बाहेर यावी. बोटाने हलके दाबल्यावर केक वर उसळावा आणि कडा डब्यापासून किंचित सुटलेल्या दिसाव्यात. तिन्ही खुणा पटल्यावरच केक बाहेर काढावा.

डबा जाळीवर दहा-पंधरा मिनिटे ठेवून मग केक उलटा काढावा. लगेच काढला तर तुटतो. तासभर डब्यातच राहिला तर वाफेने तळ ओलसर होतो. पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून ठेवावा. गरम असताना गुंडाळल्यास आत पाणी सुटते.

टप्पा ८: क्रीम

दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या, २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमला कितीही फेटले तरी घट्ट फेस धरत नाही. त्यासाठी ३० टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांशाचे व्हिपिंग क्रीम हवे, किंवा बेकिंगच्या दुकानातले नॉनडेअरी व्हिपिंग क्रीम. नॉनडेअरी क्रीम वनस्पतिजन्य तेलाचे आणि आधीच गोड असते. चवीत ते दुधाच्या क्रीमची बरोबरी करत नाही, पण मे महिन्यात मुंबईच्या हॉलमध्ये टिकते तेच. एक किलोच्या केकला २५० ते ३०० मिलिलिटर द्रव क्रीम पुरते, कारण फेटल्यावर ते अडीच ते तीन पट होते.

गोठलेले क्रीम आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवावे. थोडे बर्फाचे कण उरलेले असतानाच, गार केलेल्या भांड्यात, आधी कमी आणि मग मध्यम वेगाने फेटावे. बीटर उचलल्यावर टोक उभे राहून किंचित वाकले की थांबावे. जास्त फेटून क्रीम रवाळ झाले, तर दोन चमचे न फेटलेले क्रीम हलक्या हाताने मिसळून पाहावे. रंग जेलचाच घ्यावा. पातळ रंगाने क्रीम सैल होते.

केकचे वरचे फुगवटे दातेरी सुरीने कापून सपाट करावेत. प्रीमिक्सचा केक गोड असतो, म्हणून प्रत्येक थरावर पाकाऐवजी गार दुधाचे दोन-तीन टेबलस्पूनच ब्रशने लावावेत. आधी क्रीमचा अगदी पातळ लेप देऊन केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला, तर सगळा चुरा त्या लेपात अडकतो आणि वरचा थर स्वच्छ बसतो. ताजी फळे पाणी सोडतात. ती शेवटच्या तासाभरात लावावीत.

सावधान: चांदीसारखे कडक गोळे आणि अख्खे बदाम-काजू लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. पहिला वाढदिवस असेल, तर मध केकमध्येही घालू नये आणि वर सजावटीलाही वापरू नये, कारण पाहुण्यांत वर्षाच्या आतली बाळे असतात. फवाऱ्यासारख्या ठिणग्या उडवणारी मेणबत्ती केकवर खोचू नये, तिची राख क्रीमवर पडते.

टप्पा ९: कापण्याच्या वेळी

औक्षण आटोपेपर्यंत केक फ्रिजमध्येच राहू द्यावा आणि कापण्याच्या वीस मिनिटे आधी बाहेर काढावा. पंखा थेट वर असेल तर मेणबत्त्या विझवेपर्यंत तो बंद ठेवावा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापल्यास थर स्वच्छ दिसतात. उरलेले तुकडे झाकणाच्या डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दोन दिवसांत संपवावेत. ताजी फळे लावलेले तुकडे त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी खाऊन टाकावेत.